पेटी अजून घरातच आहे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मध्येच फोन ठेवलास. चार दिवस वाट पाहिली, आता लिहितेच. बाजाच्या पेटीचा विषय काढणार नाही.

दादाने मला एक इथिओपियन कॅसेट ऐकवली. हायलू मेर्गियाची. हा आदिस अबाबाच्या हिल्टनमध्ये वालियास बँडबरोबर वाजवायचा. रात्री संचारबंदी, म्हणून ऐकायला आलेली माणसं पहाटेपर्यंत तिथेच! १९८१ला बँड अमेरिकेत आला आणि हा तिकडेच राहिला. १९८५ला एकट्याने ही कॅसेट केली: अकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो, मूग नावाचा सिंथेसायझर, ठेका मशीनचा. पुढे टॅक्सी चालवायला लागला. कुठे, माहितीये? तू उतरलीस त्याच वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर. डिकीत कीबोर्ड. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडीतच रियाज. कॅसेट सगळे विसरले होते. ती एका अमेरिकन माणसाला इथिओपियातल्या बाहिर दार शहरात सापडली, २०१३मध्ये पुन्हा निघाली आणि साठी उलटलेला हा गृहस्थ परत स्टेजवर गेला.

अकॉर्डियन म्हणजे पेटीची बहीणच गं. तोच भाता, त्याच धातूच्या पट्ट्या. त्यांच्या टिझिता नावाच्या स्वरमालिकेच्या एका प्रकारात तर आपल्या भूपाचेच पाच स्वर असतात म्हणे. मी भाजी चिरता चिरता थांबले. नंदूमामा म्हणाला, "गॅस बंद कर आधी."

तो माणूस दिवसभर गाडी हाकून वाजवायचा आणि तुला मीटिंगांमधून अर्धा तास मिळत नाही? बोटं एकदा आखडली की... झालं, सुरू झाले मी. रागावू नकोस.

बारावीला पेटी कपाटात घालून किल्ली मीच डब्यात ठेवली होती. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर तुझ्या हातात दिली, तर तू ती फ्रिजवर ठेवून मैत्रिणींकडे निघून गेलीस. तुझ्या नोकरीचं मी अख्ख्या बिल्डिंगला सांगते, पण ती किल्ली काही डोळ्यांसमोरून जात नाही.

"देऊन टाक कुणाला तरी" म्हणालीस. काल उघडली. डांबरगोळ्यांचा वास, भाता शाबूत, काळी चार दाबली की वर येत नाही. शनिवारी दुरुस्तीवाला येतोय. द्यायची झाली तरी धड नको का?

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई