ब्लाऊजचं माप

सोलापूर, शनिवार रात्र

चि. सायलीस आईचे आशीर्वाद.

उद्या ग्राउंडवर किटबॅग उघडशील तेव्हा ही चिठ्ठी सापडेल. समोर बसून बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

ताईच्या लग्नासाठी तुझ्या ब्लाऊजचं माप घेतलं, तेव्हा मी म्हणाले, "पोरासारखे झाले गं खांदे! जरा कमी खा." आत्या हसली. तू गप्प राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून डब्यातली भाकरी परत यायला लागली. मला दिसत होतं, सायली. उलट मनातून बरं वाटत होतं, हे आज कबूल करते.

परवा कपाट आवरताना पॅडचं पाकीट दिसलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी आणलेलं, अजून फोडलेलंच नाही. एप्रिल संपत आला! काळजात धस्स झालं. डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सराव भरपूर आणि खाणं अपुरं झालं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. वजन उतरलं नाही तरी होऊ शकतं. ऑलिम्पिक समितीनं 2014 साली याला 'रेड-एस' असं नाव दिलंय.

युनिफॉर्मच्या कारखान्यात मी पंधरा वर्षं मशीनवर बसतेय. तिथं प्रत्येक पोरगी 28, 30, 32 मध्ये बसवायची असते. तुलाही तशीच बसवायला निघाले होते.

2000 साली सिडनीत वेटलिफ्टर मल्लेश्वरीनं एकूण 240 किलो उचलून ब्राँझ आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिम्पिक पदक. आमच्या गल्लीतल्या पद्मशाली काकू "मा मल्लेश्वरी", म्हणजे तेलुगूत 'आमची मल्लेश्वरी', म्हणत पेढे वाटत फिरल्या होत्या. तिचे खांदे कुणी मोजले नाहीत. तुझा गोळाही चार किलोचा आहे, बाळा. अर्ध्या भाकरीवर तो लांब जात नाही.

मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा तू विचारलंस, "खेळले नाही तर मी कोण, आई?" तेव्हा मला सुचलं नाही. रोज रात्री आजीला पेपर वाचून दाखवणारी पोरगी तूच ना? गोळा फेकलास तरी, नाही फेकलास तरी.

ब्लाऊज उसवलाय. खांद्याला जास्तीचं कापड घातलंय, हात मोकळा वर जाईल. सोमवारी मी खाडा करतेय, दोघी दवाखान्यात जाऊ. डब्यात तीन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी आहे. दही वेगळ्या डबीत.

तुझी,
आई