बाबा, पाय मागे घेऊ नका

नाशिक, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचले. फोनवर सगळं बोलता आलं असतं, पण बाबा, फोनवर तुम्ही 'हो हो, कळलं' म्हणता आणि रिसीव्हर आईच्या हातात देता. कागदावरचं मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. म्हणून पत्र.

या आठ दिवसांत रोज सकाळी एक गोष्ट बघत होते. मी तो सुजेसाठी दिलेला घट्ट, दाबाचा मोजा घेऊन खाली बसले की तुम्ही पाय मागे घेता. "राहू दे गं, आई घालेल." पाडव्याला ओवाळून झाल्यावर मी याच पायांवर डोकं ठेवते, तेव्हा नाही मागे घेत. मुलीनं बापाच्या पायात मोजे चढवायचे, याचा तुम्हाला संकोच वाटतो, हे समजतं मला. पण आईचे अंगठे बघितलेत का? सांधे सुजलेत तिचे. मोजा ओढताना ती ओठ दाबून धरते आणि तुम्ही विचारलंत की "काही नाही" म्हणते. आई, तुझ्यावर रागावत नाहीये. पण तू हे लपवत होतीस, एवढं मला बाबांसमोर सांगायचं होतं.

बाबा, हे पाय असे का झाले ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. बत्तीस वर्षं छापखान्यात टाइपाच्या केससमोर उभं राहून अक्षरांचे खिळे जुळवलेत तुम्ही. संध्याकाळी जिना चढून आलात की आधी कठड्याला टेकायचात, मग चपला काढायचात. मला वाटायचं, तिसऱ्या मजल्याचा दम लागतो. दुखत असायच्या त्या पोटऱ्या.

पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, त्या चढलेलं रक्त परत खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा सैल झाल्यात, म्हणून रक्त घोट्याशी साचतं, सूज येते, कातडी काळवंडते. तिथे जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही. त्या जागेला आपल्याला जपायचंय. मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट असतो आणि वर जाता जाता त्याचा दाब कमी होत जातो. जुळवलेलं पान तुम्ही दोरीनं बांधायचात ना, दोरी सैल राहिली की खिळे सांडायचे. तसंच आहे हे. दाब नेमका हवा, आणि नेमक्या जागी.

पहिली जोडी आणताना आपण हेच चुकलो. दुकानात कुणी माप घेतलं नाही आणि मीही 'लार्ज द्या' म्हणून मोकळी झाले. तो वर जास्तीचा झाला म्हणून तुम्ही गुडघ्याखाली दुमडलात. संध्याकाळी तिथला वळ बघून पोटात गोळा आला माझ्या. दुमडलं की दाब दुप्पट होतो आणि रक्त तिथेच अडतं. नंतर डॉक्टरांनी सकाळी, सूज नसताना, घोट्याचं आणि पोटरीचं माप टेपनं घेतलं, आधी डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते ध्वनिलहरींनी बघायची तपासणी, करून रक्तवाहिन्या तपासल्या आणि मगच २०-३० मिलिमीटर पाऱ्याचा दाब लिहून दिला. तुम्हाला मधुमेह आहे, पायाकडे येणारं रक्तच कमी असतं तर हे मोजे उलटेच पडले असते. म्हणून शेजारच्या काकांना तुमची जुनी जोडी देऊ नका. त्यांना आधी डॉक्टरांकडे जाऊ दे.

उठायच्या आधी अंथरुणातच मोजे घाला असं सांगतात, पण आपल्या चाळीत पहाटे पाणी येतं. तुम्ही भरल्याशिवाय राहणार नाही, आणि टोकाच्या संडासाची रांगही आहेच. तेव्हा ते सगळं उरका, मग पंधरा-वीस मिनिटं पाय उशांवर उंच ठेवून पडा. पाय कोरडा हवा, विशेषतः बोटांच्या बेचक्या. पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात. तेल-क्रीम रात्री, सकाळी नाही.

मोजा आतून हात घालून टाचेपर्यंत उलटा करायचा. पाऊल त्यात सरकवायचं, टाच टाचेच्या खोबणीत नीट बसवायची. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. मग वरचा काठ धरून खेचायचा नाही. ओट्याखाली पिवळे रबरी हातमोजे ठेवलेत, ते घालून तळव्यांनी थोडं थोडं वर चोळत न्यायचं, भिंतीवर चुना हातानं सारखा करावा तसं. नखं लागत नाहीत, अंगठ्यावर जोर येत नाही. गुरुवारी आईनं तसं केलं तेव्हा एक मोजा चार मिनिटांत चढला, आणि बाबा, तुम्ही चक्क गप्प बसला होतात. एकही सुरकुती राहू द्यायची नाही. गुडघ्याच्या वळीखाली दोन बोटं जागा.

बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर लगेच काढायचे. तेव्हा माझ्या फोनची वाट बघायची नाही. रात्री झोपताना काढून आईनं टाच, घोटा, बोटं दिव्याखाली बघायची. धुताना साध्या साबणानं, पिळायचं नाही, गॅलरीत सावलीत वाळवायचे. पावसात एका दिवसात वाळत नाहीत, म्हणून दुसरी जोडी घेतलीय. पाच-सहा महिन्यांत सैल पडतात, तेव्हा नवे घेऊ. पैशांचं बोलू नका.

बाबा, मी महिन्यातून दोनदा येईन. त्या सकाळी आई चहा करेल आणि मी खाली बसेन. पाय मागे घेऊ नका. उरलेल्या दिवशी खालच्या मजल्यावरची शैला येईल, तिला मी गुरुवारी शिकवलंय.

शनिवारी सकाळच्या गाडीनं तिकडे यायला निघते. आई, ते पिवळे हातमोजे भांड्यांना वापरू नकोस.

तुमची,
बेबी