जपानी प्रश्नशब्दांसाठी मराठीचा रकाना

पुणे

प्रिय अनघा,

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो नीट बघितला. डावीकडे जपानी, उजवीकडे इंग्रजी: नानि म्हणजे व्हॉट, दारे म्हणजे हू, दोको म्हणजे व्हेअर, इत्सु म्हणजे व्हेन. अर्थ सगळे बरोबर आहेत. तरी खालची वाक्यं चुकली आहेत, कारण तू मराठीतून इंग्रजीत आणि तिथून जपानीत जातेस. हा वळसा नको. शेजारी मराठीचा तिसरा रकाना आख, निम्म्या चुका तिथेच गळतील.

शब्दांचा क्रमच बघ ना. 'तू उद्या कुठे जाणार?' हे इंग्रजीत म्हणताना 'व्हेअर' उचलून आधी आणावा लागतो, त्यामागे सहायक क्रियापद येतं. जपानीत यातलं काही करावं लागत नाही. अशिता, दोको ए इकिमासु का. उद्या, कुठे, जाणार. सगळं मराठीत असतं त्याच जागी. सांभाळायचा तो शेवटचा 'का'. 'येणार का?' आणि 'किमासु का' अगदी सख्खे वाटतात, पण मराठीत वाक्यात 'कुठे' आलं की 'का' लागत नाही. जपानीत सभ्य बोलण्यात तो राहतो. मैत्रिणींमध्ये मात्र 'दोको इकु?' एवढंच म्हणून शेवटी सूर वर न्यायचा, तिथे 'इकु का?' रांगडं ऐकू येतं. आणि आपल्या 'का'सारखा कारण विचारायला हा 'का' कधीच चालत नाही. त्यासाठी दोओशिते, घरगुती बोलण्यात नान्दे, लिखाणात नाझे. उत्तराच्या शेवटी 'कारा' लावलास की 'म्हणून' झालं.

इथे, तिथे, कुठे. असा, तसा, कसा. आपल्या प्रश्नाला जसा 'क', तसा जपानीत 'दो': कोको, सोको, आसोको, दोको, कोरे, सोरे, आरे, दोरे, कोनो, सोनो, आनो, दोनो. हे चार-चारच्या गटानेच पाठ कर. अंतरं मात्र तीन आहेत: बोलणाऱ्याजवळचं, ऐकणाऱ्याजवळचं आणि दोघींपासून लांबचं. मराठीतलं 'कोणतं' इथे फसवतं. नुसतं 'कोणतं?' म्हणजे दोरे, पण 'कोणतं पुस्तक?' म्हणजे दोनो होन. तुझ्या पानावर 'दोरे होन' दोनदा आलंय. शिवाय दोनांतून एक निवडायचं असेल तर दोच्चि, सभ्यपणे दोचिरा. तीन किंवा जास्त असतील तरच दोरे.

आता किती. इंग्रजी 'हाऊ'ला चिकटलीस तर इथे गोंधळ होईल, कारण त्यात रीतही येते आणि संख्याही. जपानीत रीत वेगळी: 'कसं आहे?' ला दोओ, 'कसं जायचं?' ला दोओ यात्ते. किंमत विचारायला इकुरा. सुट्या वस्तू मोजायला इकुत्सु, आणि लहान मुलाचं वयही त्यानेच विचारतात. वेळ किंवा अंतर असेल तर दोनोकुराइ. बाकी सगळीकडे नान आणि त्यापुढे मोजणीचा शब्द: माणसं नान्निन, कागदासारख्या सपाट वस्तू नाम्माइ, पेन्सिलीसारख्या लांबट नाम्बोन, पुस्तकं नान्सात्सु. आणि 'कितवा'! इंग्रजीत याला एक शब्द नाही, केवढी कसरत करावी लागते. जपानीत सरळ नाम्बाम्मे आहे. 'तू घरातलं कितवं मूल?' हा प्रश्न जपानी माणसाला तू बिनधास्त विचारू शकतेस.

नान कधी आणि नानि कधी, हे तू विचारलं होतंस. पुढचा आवाज त, द किंवा न असेल तर नान: नान देसु का, नान नो होन. पुढे ओ (कर्माला लागणारा प्रत्यय) किंवा गा (कर्त्याला लागणारा) आला तर नानि: नानि ओ ताबेमासु का. पण 'किती' या अर्थी नेहमी नान, आणि 'कोणत्या प्रकारचं' या अर्थी नानि टिकतो. म्हणूनच 'काय' आणि 'माणूस' ही दोन चिन्हं जोडून लिहिलेला एकच शब्द नान्निन वाचला तर 'किती माणसं', नानिजिन वाचला तर 'कोणत्या देशाचा'. कोणतं वाचन घ्यायचं ते मागचापुढचा मजकूर सांगतो. तसंच, वाहन विचारताना 'नानि दे' म्हण. 'नान्दे इकिमासु का' ऐकणारा 'का जाता?' असंही समजेल.

'दारे वा किमाशिता का' खोडून टाक. 'वा' आधीच माहीत असलेल्या गोष्टीला लागतो, आणि कोण आलं हे तर अजून कळायचंय. म्हणून दारे गा. उत्तरातही गाच: तानाका-सान गा किमाशिता. वेळेच्या बाबतीत मराठीच मदतीला येते: 'कधी'ला प्रत्यय नाही, तसा इत्सुलाही 'नि' नाही, 'किती वाजता' मधल्या 'ता'सारखा नान्जिला मात्र 'नि' हवा.

मला सगळ्यांत आवडतो तो 'तरी' आणि 'ही' यांचा जोड. कोणीतरी दारेका, काहीतरी नानिका, कधीतरी इत्सुका. 'काहीच खाल्लं नाही' म्हणजे नानिमो ताबेमासेन देशिता. आपलं 'कोणीही' मात्र जपानीत दोन होतं: 'कोणीही आलं नाही' तिथे दारेमो, 'कोणीही चालेल' तिथे दारेदेमो. इत्सुमो या ओळीत बसत नाही, तो 'नेहमी' आहे आणि होकारी वाक्यातही येतो.

आणि उच्चार. टोकियोच्या प्रमाण बोलीत कोरे, सोरे, आरे खालून वर चढतात, दोरे मात्र वर सुरू होऊन खाली येतो. दोको, दारे, नानि, इत्सु, इकुरा, इकुत्सु सगळे तसेच, पहिल्या अक्षरानंतर उतरणारे. डिसेंबरच्या एन-फाइव्हला, म्हणजे जपानीच्या परीक्षेच्या सगळ्यांत सोप्या पातळीला, ऐकण्याच्या पहिल्या भागात प्रश्न संभाषणाआधी एकदा आणि नंतर एकदा ऐकवतात. पहिल्या वेळी हा उतार कानाने पकडायचा आणि शब्द लगेच कागदावर टिपायचा. हे सात शब्द कोरे, सोरे, आरेसोबत फोनवर रेकॉर्ड करून रविवारपर्यंत पाठव, उतार कुठे चुकतोय ते वेळ लिहून कळवते.

तुझी,
मेघना