लॉगरोटेटच्या फायलींत कॉमेंट लिहून गेलेल्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की, तुमच्यानंतर हे सर्व्हर सांभाळायला मी आले आणि आपली गाठ काही पडली नाही. हाती आलेल्या कागदांत पासवर्ड कुठे ठेवलेत, बॅकअप कधी होतो आणि अडचण आली तर कुणाला उठवायचं एवढंच होतं. लॉग फायलींबद्दल, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद करत जातात त्या फायलींबद्दल, अवाक्षर नाही. ते सगळं तुम्ही लॉगरोटेटच्या, म्हणजे जुने लॉग बाजूला सारून नवे सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगच्या फायलींत (ईटीसीमधल्या लॉगरोटेट-डी डिरेक्टरीत) कॉमेंट म्हणून लिहून ठेवलं होतं, हॅशचं चिन्ह टाकून, जवळजवळ प्रत्येक ओळीच्या डोक्यावर. खाली नाव नाही, तारीख नाही. तुमचा पत्ता माझ्याकडे नसल्यामुळे आभार असे उघड पत्रातूनच मानावे लागतायत.

लॉगरोटेटची सेटिंग कशी तयार होतात हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारची फाईल कॉपी करायची, मार्ग बदलायचा, डेली, रोटेट ७, कॉम्प्रेस, मिसिंगओके (रोज फिरव, सात जुन्या प्रती ठेव, दाबून लहान कर, फाईल नसली तरी चालेल) या ओळी तशाच ठेवायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं. यातला एकही शब्द अवघड नाही, मॅन पेजमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबत येणाऱ्या माहितीपानात, सगळे दिलेत. पण याच फायलीला हीच ओळ का आणि शेजारच्या फायलीला का नाही, हे मॅन पेज सांगू शकत नाही. ते तुम्ही सांगितलंत.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या फायलीतली तुमची कॉमेंट: 'नाव बदललं म्हणून फाईल बदलत नाही. खालचा सिग्नल काढू नका.' रोटेशन म्हणजे मुळात नावांची सरकासरकी. सहाची सात होते, पाचाची सहा, असं करत चालू फायलीच्या नावाला .१ लागतं आणि तिच्या जागी रिकामी नवी फाईल येते. पण लिहिणाऱ्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) नावाशी देणंघेणं नसतं. तिने फाईल एकदा उघडली की तिच्या हातात फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या उघड्या फायलीचा क्रमांक, असतो आणि तो आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या खऱ्या फायलीच्या नोंदीला, धरून असतो. घरावरची पाटी बदलली तरी आत राहणारी माणसं तीच, तसं. त्यामुळे सिग्नल, म्हणजे चालू प्रोसेसला द्यायचा इशारा, दिला नाही तर एनजिनएक्स जुन्याच, म्हणजे आता .१ नावाच्या फायलीत निवांत लिहीत राहतो आणि नवी फाईल शून्य बाइटची शून्य बाइटच राहते. पोस्टरोटेटमध्ये (रोटेशननंतर चालवायच्या कमांडमध्ये) मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल गेला की तो लॉग फायली नव्याने उघडतो. सिस्टमचे लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला त्याच कामासाठी एचयूपी सिग्नल लागतो, तेही तुम्ही त्याच्या फायलीत लिहिलंय.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या फायलीत डिलेकॉम्प्रेस (फाईल दाबणं एका फेरीने लांबवणं) होतं. ते मी आधी इतरत्रही पाहिलं होतं आणि एक सवय म्हणून सोडून दिलं होतं. तुमच्या दोन ओळींमुळे त्याचं कारण कळलं. ग्रेसफुल, म्हणजे चालू कामं न तोडता केलेल्या, रीस्टार्टमध्ये जुन्या चाइल्ड प्रोसेस हातातल्या विनंत्या पुऱ्या करूनच जातात आणि तोवर जुन्याच फायलीत लिहितात. ती फाईल लगेच जीझिप करायला (दाबायला) घेतली तर त्या शेवटच्या नोंदींचा भरवसा नाही. म्हणून कालची फाईल आज तशीच ठेवायची आणि पुढच्या फेरीत दाबायची. शिवाय कालच्या फायलीत काही शोधायचं तर शोधायची साधी कमांड ग्रेप चालते, दाबलेल्या फायलींसाठीची झेडग्रेप लागत नाही. हा फायदा तुम्ही लिहिला नव्हता, तो माझ्याकडून.

आयनोडचीच दुसरी बाजू तुम्ही मुख्य कॉन्फिग फायलीत सगळ्यात वर लिहून ठेवली होती: 'डिस्क भरली तर चालू लॉग पुसू नका, रिकामा करा.' एका रात्री एका ॲप्लिकेशनने एकच एरर ओकायला सुरुवात केली आणि व्हारचं पार्टिशन, म्हणजे लॉग राहतात तो डिस्कचा भाग, काठोकाठ भरलं. ड्यूटीवर एक नवखा सहकारी होता. त्याने आरएम, म्हणजे फाईल पुसायची कमांड, टाइप केलं होतं, पण एंटर दाबण्याआधी कॉन्फिग उघडून पाहावं असं त्याला वाटलं आणि तुमची ओळ त्याच्यासमोर आली. पुसली असती तर नाव गेलं असतं, पण प्रोसेसने फाईल धरून ठेवलेली असल्यामुळे जागा एक बाइटही सुटली नसती. मग डिस्कची मोकळी जागा सांगणारं डीएफ म्हणतं डिस्क भरलीय, फायलींनी घेतलेली जागा मोजणारं डीयू म्हणतं इथे तर काहीच नाही, आणि दोघांचंही खरं असतं. अशा अदृश्य झालेल्या फायली दाखवणारी कमांडही तुम्ही खाली देऊन ठेवली होती, एलएसओएफला अधिक एल १ हा पर्याय देऊन. ती त्या रात्री लागली नाही. ट्रंकेटने फाईल शून्यावर आणली, जागा लगेच मोकळी झाली. तुमच्या आभारातला अर्धा वाटा त्या मुलाच्या वतीने आहे.

आता कॉपीट्रंकेटबद्दल. हा पर्याय मला आवडत नाही. सिग्नलची कटकट नको म्हणून लोक तो सरसकट सगळीकडे लावतात. फायलीची प्रत काढायची आणि मूळ फाईल जागच्या जागी रिकामी करायची, हे ऐकायला सोयीचं वाटतं. पण प्रत संपल्यापासून फाईल रिकामी होईपर्यंतच्या क्षणात ज्या ओळी येतात, त्या प्रतीत नसतात आणि मूळ फायलीतूनही जातात. प्रत काढायला तेवढीच जागा मोकळी लागते, म्हणजे फाईल अवाढव्य असेल तेव्हाच हा उपाय पाय मागे घेणार. आणि प्रोग्रामने फाईल अपेंड (नेहमी शेवटी जोडत लिहायच्या) पद्धतीने उघडलेली नसेल तर आणखी एक गंमत होते. फाईल रिकामी झाली तरी प्रोग्रामला आपली जुनी जागा आठवत असते, तो तिथूनच पुढे लिहितो आणि मधे पोकळी तयार होते. फायलींची यादी देणारं एलएस कित्येक जीबी दाखवतं, डीयू काही केबी आणि फाईल उघडली की सुरुवातीला नल (शून्य) बाइटांची रांग.

तुम्हालाही तो आवडत नसावा, कारण सगळ्या डिरेक्टरीत एकाच फायलीत तो सापडला. वर लिहिलेलं होतं: 'हा प्रोग्राम कुठलाच सिग्नल ऐकत नाही. ऐकायला लागला की ही ओळ काढा.' असं लिहायला मोठं मन लागतं. आपली ओळ केव्हा काढायची याची अट कोण लिहून ठेवतं? त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आता एचयूपीवर लॉग पुन्हा उघडते. मी कॉपीट्रंकेट काढलं, क्रिएट (नवी रिकामी फाईल बनवणारी ओळ) आणि पोस्टरोटेट घातलं, आणि कुणाला विचारावं लागलं नाही.

साईझच्या बाबतीतही तुम्ही मला एका सापळ्यातून वाचवलंत. 'साईझ १००एम' असं लिहिलं की फाईल १०० एमबीच्या पुढे जाणारच नाही, असा सगळ्यांचाच समज असतो. पण लॉगरोटेट काही सतत जागा राहून पहारा करत नाही. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर त्याला दिवसातून एकदा उठवतो, तेव्हा तो आकार पाहतो. मधल्या काळात फाईल ४० जीबी झाली तरी त्याला पत्ता नसतो. त्यातून साईझ आणि डेली एकमेकांना खोडतात, जे नंतर लिहिलं ते लागू. दोन्ही हवं असेल तर मॅक्ससाईझ, म्हणजे वेळ झाली किंवा आकार ओलांडला, जे आधी होईल ते. मिनसाईझ याच्या उलट: वेळही झाली पाहिजे आणि आकारही भरला पाहिजे. तुम्ही त्या बडबड्या ॲप्लिकेशनची कॉन्फिग वेगळी काढून तासातासाला चालवली, तिला वेगळी स्टेट फाईल (शेवटचं रोटेशन कधी झालं याची नोंद) दिली आणि डेटफॉर्मॅटमध्ये (नावातल्या तारखेच्या साच्यात) तास घातला. तास का, तेही लिहिलंत: नुसता डेटएक्स्ट (क्रमांकाऐवजी नावाला तारीख लावणं) ठेवला तर एका दिवसात दुसऱ्यांदा रोटेट करताना त्याच नावाची फाईल आधीच हजर असते आणि लॉगरोटेट ती फेरी सोडून देतो. मी मात्र हे सगळं असूनही डेटएक्स्टच्या बाजूची आहे. नावातच तारीख दिसली की .१४ म्हणजे नेमका कुठला दिवस हे मोजत बसावं लागत नाही.

बाकी लहानसहान बरंच आहे. मार्गात नुसता स्टार टाकू नका, नाहीतर आधीच रोटेट झालेल्या फायलीही पुन्हा रोटेट होतील. नव्या फायलीला डेली लावलं की पहिल्या फेरीत काही होणार नाही, तेव्हा फक्त स्टेट फायलीत तारीख लिहिली जाते. कॉन्फिग फाईल ग्रुपला लिहिता येण्याजोगी ठेवली तर लॉगरोटेट तिच्याकडे दुर्लक्ष करतो. काहीही बदललं की आधी लॉगरोटेटला वजा डी हा पर्याय देऊन पाहा, तो करणार काय ते सांगतो आणि करत काहीच नाही. कंटेनरच्या (प्रोग्राम वेगळा, बंदिस्त चालवायची सोय) लॉगबद्दल तुमच्या फायलींत काही नव्हतं, ते आले तुमच्यानंतर. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा लॉग लिहिणारा जेसन-फाईल ड्रायव्हर स्वतःहून कुठलीही मर्यादा घालत नाही, तेव्हा मॅक्स-साईझ आणि मॅक्स-फाईल मी लावलंय, आणि वर तुमच्या पद्धतीने कारण लिहावं तर ती सेटिंग ज्या जेसन साच्यात लिहितात त्यात कॉमेंटच चालत नाही! शेजारी रीडमी ठेवून भागवलंय.

फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमच्या त्या एकुलत्या एका मशीनवर तुमचं अक्षर फारसं दिसलं नाही. तिथे लॉगरोटेटच्या जागी न्यूसिसलॉग आहे, एका लॉगला एक ओळ: मालक, परवानग्या, किती प्रती, किती केबी, कधी, झेंडे. त्या तक्त्यातच निम्मं समजतं. नवी फाईल उघडताना तो पहिल्याच ओळीत लॉग उलटल्याची नोंद करतो, ही त्याची सवय मला फार आवडते. लॉगरोटेटमध्ये ती असती तर बरं झालं असतं.

आता एक विचारायचं आहे. ऑडिट लॉगच्या (कुणी काय केलं याच्या नोंदींच्या) फायलीत वीकली, रोटेट ६० आणि मॅक्सएज ४०० (इतक्या दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसा) आहे. साठ आठवडे म्हणजे ४२० दिवस, म्हणजे आधी मॅक्सएजच लागू होणार. मग ४०० का? वर्षभराची तुलना करता यावी म्हणून महिनाभर जास्त धरला, की कुणी तसा नियम घालून दिला होता? आणि त्याच फायलीत नॉटिफएम्प्टीही (लॉग रिकामा असेल तर रोटेट करू नका) आहे. मॅक्सएज तपासला जातो तो फाईल रोटेट होणार असेल तेव्हाच, त्यामुळे लॉग रिकामा राहिला तर जुन्या प्रती ४०० दिवसांनंतरही तिथेच राहतील. हे तुम्हाला माहीत असूनच केलंत का? सगळ्या डिरेक्टरीत कॉमेंट नसलेल्या याच तीन-चार ओळी आहेत. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर कळवा. तोवर त्यांना मी हात लावत नाही.

तुमच्या जागेवर सध्या असलेली,
एक सिस्टम ॲडमिन