टप्प्याटप्प्याने म्हणजे किती टप्पे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा म्यानमारवरचा अग्रलेख वाचला. लष्करी राजवटीतही टप्प्याटप्प्याने सुधारणा होते, जगाने जरा धीर धरावा, असा आपला सल्ला. धीर दुसऱ्याने धरायचा असला की सल्ला द्यायला काय जातं?

आम्ही रत्नागिरीकर. म्यानमारचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाचा, शेवटचा राजा थिबा आमच्याकडे तीस वर्षं कैदेत राहून इथेच मेला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीवर आले, तेव्हा आम्हीही भारावलो होतो. २००७ मध्ये भिक्षूंच्या मोर्चांवर गोळ्या चालल्या, तेव्हा पंतप्रधानपदाचं काम हेच गृहस्थ बघत होते, हे मला तरी तेव्हा कुठे आठवलं!

त्याच भरात डिसेंबर २०१४ मध्ये मी आणि सौ. मंडालेला गेलो. लोकमान्यांचं मंडाले बघायचं होतं. किल्ल्यात लष्कराची छावणी. पूर्वेच्या दारातून राजवाड्यापर्यंत जा आणि सरळ परत या, इकडेतिकडे वळायचं नाही. बाहेर आल्यावर गाइडने चहाच्या दुकानात नेलं. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, टेबलावर फुकट कोऱ्या चहाचा थर्मास. पठ्ठ्याने कौतुकाने नवा मोबाइल दाखवला. सिमकार्ड दीड हजार च्याटला (च्याट म्हणजे तिथलं चलन), पूर्वी त्यासाठी शेकडो डॉलर लागायचे. खासगी दैनिकं निघतात, छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागत नाहीत, हेही सांगितलं. पण सगळं हळू आवाजात. आता कशाला घाबरतोस, असं मी विचारलं, तर मागच्या टेबलाकडे एक नजर टाकून त्याने माझ्या कपात चहा ओतला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, लष्कराने सत्ता घेतल्यावर दोन दिवसांनी, फेसबुकवर त्या गाइडचा व्हिडिओ आला. रात्रीचे आठ, अंधार, गल्लीभर भांडी बडवण्याचा आवाज. आदल्या वर्षी आपण थाळ्या वाजवल्या होत्या, तसलंच काही असेल समजून मी अंगठा पाठवला! तिकडे भुतं पळवायला भांडी वाजवतात, हे मागाहून कळलं. मग लष्कराने तिकडे फेसबुकच बंद केलं. त्याचा पत्ता नाही तो नाहीच.

तिथले लोकशाहीवादी कार्यकर्ते को जिमी जानेवारी २०१२ मध्ये तुरुंगातून सुटले. आपल्या हिशेबात ही सुधारणाच असणार. जुलै २०२२ मध्ये लष्कराने त्यांचा मृत्युदंड अमलात आणला, तो कितवा टप्पा? आणि २००८ च्या घटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या, घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं ठेवली, म्हणजे लष्कराच्या मर्जीशिवाय घटना बदलणारच नाही. हे गणित अग्रलेखात एका ओळीतही बसलं नाही?

जाता जाता : एकाच लेखात वर 'रंगून' आणि खाली 'यांगून' छापलंय, काहीतरी एक ठरवा. आणि माझं मागचं पत्र निम्मं कापून वर गाव 'राजापूर' छापलं होतंत. मी रत्नागिरीचा.

आपला नियमित (अजून तरी) वाचक,
रत्नागिरी