‘जन्मजात’ची अट कुणी घातली?

महोदय,

आपल्या पत्रांच्या सदरात समलिंगी हक्कांवरून जुंपली आहे. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, कॉलेजात असताना ‘मला मुली आवडतात’ म्हणणारी मुलगी पुढे एखाद्या मुलाशी संसार थाटते, म्हणजे आधीचे सगळे थोतांडच होते. आणि जे बदलते त्याला हक्क कशाला, उपचार द्यावेत. दुसऱ्या वाचकाने त्यांना ठणकावले की लैंगिकता जन्मजात असते, ती कधीच बदलत नाही, विषय संपला. माझा कल अर्थातच दुसऱ्या पत्राकडे आहे. पण उत्तराच्या भरात त्यांनी पहिल्या गृहस्थांची अट मुकाट्याने मान्य केली: बदलत नसेल तरच हक्क. ही अट आली कुठून?

मी नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असे, म्हणून आधी शास्त्राचे सांगते. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी 1948 मध्ये लैंगिक ओढीची 0 (फक्त भिन्नलिंगी) ते 6 (फक्त समलिंगी) अशी मोजपट्टी मांडली, कारण माणसे दोन टोकांना नीट वाटली गेलेली त्यांना आढळली नाहीत. पुढे लिसा डायमंड या अमेरिकन संशोधिकेने स्त्रियांच्या एका गटाशी सुमारे दहा वर्षे पुन्हा पुन्हा बोलून नोंदी ठेवल्या. त्या काळात अनेकींनी स्वतःची ओळख सांगण्याची पद्धत बदलली. काहींना तर कुठलेच नाव नको झाले. बहुतेकांची ओढ आयुष्यभर साधारण एकाच दिशेची राहते, काहींची राहत नाही. दोन्ही खरे आहे. मात्र ज्यांची सरकते, त्यांनाही ती ठरवून सरकवता येत नाही. विजेचे झटके, ओकाऱ्या काढायला लावणारी औषधे, हे सगळे प्रकार गेल्या शतकात करून झाले. माणसे मोडली, ओढ तशीच राहिली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, ती उगीच नव्हे.

‘जन्मजात’ या मुद्द्याचा आधार चळवळीने का घेतला, हे मला समजते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 377 कलम डोक्यावर होते, पोलिसांची आणि ब्लॅकमेल करणाऱ्यांची धास्ती होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मूठभर लोकांचा प्रश्न’ अशा सुरात ते कलम कायम ठेवले. अशा वेळी ‘आम्ही असेच घडलो, आमचा काय दोष?’ हे वाक्य ढालीसारखे कामी आले. त्या काळातून गेलेल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या काही पुरुषांना मी ओळखते. आजची मुले स्वतःला नुसते ‘क्वीअर’ (चाकोरीबाहेरच्या सगळ्याच लैंगिक ओळखींना कवेत घेणारा शब्द) म्हणतात, पुढचे काही सांगायला बांधील नसतात, याचा त्यांना राग येतो. आपण जी ओळख जीव मुठीत धरून मिळवली, ती या पोरांनी इतकी सैल का सोडावी? त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. पण संमतीच्या समलिंगी संबंधांना 377 मधून मोकळे करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल कशावर उभा आहे ते पाहा: समानता, भेदभावाला मनाई, अभिव्यक्ती आणि खासगी आयुष्यातली प्रतिष्ठा. घटनेच्या 14, 15, 19 आणि 21 या कलमांत ‘बदलत नसेल तर’ अशी पुरवणी कुठे आहे?

आणि हे सांगायला दिल्लीपर्यंत जायची गरज काय? आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात नाशिकने जे दाखवले, त्यानंतरची ती घोषणा होती. धर्म बदलता येतो. म्हणून कुणाच्या धर्मस्वातंत्र्याला संरक्षण नको, असे आपण म्हणतो का? उलट घटनेने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले ते माणूस बदलू शकतो हे धरूनच. स्वतः बदलणे वेगळे आणि दुसऱ्याने दडपून बदलायला लावणे वेगळे, हे धर्माच्या बाबतीत आपल्याला लगेच कळते. मुलीच्या बाबतीत मात्र ‘लग्न लावून द्या, होईल सगळे नीट’!

त्या गृहस्थांनी दिलेलेच उदाहरण घेऊ. ती मुलगी मुलाच्या प्रेमात पडली, तर विवाह, वारसा, दत्तक, सगळे दरवाजे उघडे. तीच, तोच स्वभाव, तेच आधार कार्ड. पण जोडीदार बाई असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानुसार विवाहाचा हक्क नाही. 2024 मध्ये केंद्राने बँकेत संयुक्त खाते काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले, असा थोडाफार दिलासा मिळाला. म्हणजे बदलत्या ओढीने समलिंगी हक्कांची मागणी पोकळ ठरत नाही; एकाच माणसाचे नागरिकत्व अर्धे कसे होते, ते तिच्यामुळेच स्पष्ट दिसते.

उपचारांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण ते दुकान आपल्याकडे चालू आहे. बाबा-बुवांचे सोडा; ‘हार्मोन्स तपासू’ म्हणत पालकांकडून पैसे घेणारे शिकलेलेही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच असे ‘रूपांतर उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. त्याच आयोगाने 2024 च्या ऑगस्टअखेर एमबीबीएसच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकता पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त बसवली आणि ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत ती मागे घेतली, हा भाग वेगळा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या पदव्या तिथून निघतात. समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला काय सांगायचे आणि त्याच्या आईला काय सांगायचे, याचे प्रशिक्षण तिथून सुरू झाले तर नाशिककरांना अभिमान वाटेल.

एक विनंती आपल्यालाही. र. धों. कर्व्यांवर 1934 मध्ये खटला झाला तो ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून, आणि त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. आज खटल्याची भीती नाही. तरी आपल्या आरोग्य सदरात असा प्रश्न आला की ‘या वयात असे वाटते, पुढे आपोआप जाईल’ एवढ्यावर बोळवण होते. जाईलही, राहीलही. तोवर काय करायचे, आईवडिलांशी कसे बोलायचे, भाड्याची खोली कशी टिकवायची, हे कुणी सांगत नाही. जाणत्या मनोविकारतज्ज्ञाकडून आणि एखाद्या वकिलाकडून ती उत्तरे लिहून घ्यावीत. प्रश्नांचा तुटवडा पडणार नाही, याची खात्री मी देते.

– मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक