कलादालनातल्या महिन्याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कलादालनात नुकताच महिनाभर व्याख्यानं, चित्रपट आणि सादरीकरणं असा खुला कार्यक्रम झाला. आपल्या दैनिकात त्याची बातमी पहिल्या दिवशी आली: उद्घाटनाचा फोटो, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं आणि रसिक मोठ्या संख्येने उपस्थित होते, हे एक वाक्य. पुढे महिना संपेपर्यंत त्यावर एक ओळही छापून आली नाही. आपलं दैनिक मी रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, म्हणून हे खात्रीने सांगते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मी निवृत्त लघुलेखिका आहे. दुसऱ्याचं बोलणं शब्दशः कागदावर उतरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे कुठेही भाषण ऐकायला गेले की हातात वही आणि मऊ शिशाची पेन्सिल असतेच. पिटमन या लघुलेखन पद्धतीत जाड आणि बारीक रेघेचे उच्चार वेगळे, त्यामुळे पेन्सिलच सोयीची पडते. या महिन्यातही मी लिहीत होते. शेजारी कुणी बातमीदार लिहिताना दिसेल, अशी आशा होती.

एका संध्याकाळी एक मुद्राचित्रकार बाई एचिंगवर, म्हणजे आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून चित्र छापण्याच्या पद्धतीवर बोलल्या. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा नायट्रिक आम्लात सोडायचा. सुईने मेण खरवडलेलं असेल तिथेच आम्ल धातू खातं. रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर रेघ ओबडधोबड होते, म्हणून पक्ष्याच्या पिसाने अलगद बाजूला सारायचे. हे सांगताना बाईंचा उजवा हात हवेत त्या पिसासारखा फिरत होता आणि सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. मागून एका मुलाने विचारलं, पत्रा बाहेर कधी काढायचा हे कळतं कसं? त्या म्हणाल्या, ‘घड्याळ लावते, पण भरवसा नखावर. नख रेघेत अडकलं की झालं. उन्हाळ्यात आम्ल लवकर खातं, तेव्हा घड्याळ फसवतं.’ इतकं नेमकं उत्तर मी फार कमी सभांमध्ये लिहून घेतलंय. ते आज फक्त माझ्या वहीत आहे, आणि तेही शॉर्टहँडमध्ये.

चित्रपट पुन्हा कुठेतरी पाहायला मिळतील, त्यामुळे त्यांची मला तेवढी काळजी नाही. सादरीकरणाचं तसं नाही. एका तरुण कलाकाराने येणाऱ्या प्रत्येकाला घरापासून दालनापर्यंतची वाट विचारली आणि ती खडूने जमिनीवर काढली. नव्या वाटा जुन्यांवरून गेल्या, लोकांच्या पायांनी काही पुसट झाल्या. सगळ्यात लांब रेघ निघाली ती दालनाच्या रखवालदाराची. सकाळी फरशी पुसली गेली. कलाकाराला तेच हवं होतं. पण कोण काय बोललं, रखवालदाराने वाट सांगताना कुठे कुठे थांबून आठवलं, हे कुठेतरी राहायला हवं होतं.

१९५९ साली न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत अमेरिकन कलाकार अ‍ॅलन कॅप्रो यांनी एका सादरीकरणासाठी प्लॅस्टिकच्या पडद्यांनी खोल्या केल्या आणि प्रेक्षकांच्या हातात कधी कुठे बसायचं, याच्या सूचना दिल्या. १९६५ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या श्मेला गॅलरीत कलाकार योझेफ बॉइस चेहऱ्याला मध आणि सोन्याचा वर्ख लावून, मेलेला ससा कवेत घेऊन त्याला चित्रं समजावून सांगत राहिले. दार बंद होतं, लोक काचेतून पाहत होते. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणी फोटो काढले, कुणी लिहून ठेवलं. आजचे सादरीकरण कलाकार टिनो सेगल तर आपल्या कामाचे फोटोही काढू देत नाहीत. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या सादरीकरणात एक लहान मूल पाहुण्याला विचारायचं, प्रगती म्हणजे काय? मग संग्रहालयातली गोल चढण चढता चढता मोठ्या, आणखी मोठ्या वयाची माणसं ते बोलणं पुढे न्यायची. त्याचं वर्णन वाचायला मिळतं ते जाऊन आलेल्यांनी लिहिलं म्हणूनच.

हल्ली सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होतं, असं कुणी म्हणेल. मी ती रेकॉर्डिंग ऐकली आहेत. माइक वक्त्यासमोर असतो. मागच्या रांगेतला प्रश्न ऐकूच येत नाही आणि मग उत्तराला काही अर्थ उरत नाही. शिवाय दोन तासांतलं महत्त्वाचं काय, हे यंत्र सांगत नाही. ते काम बातमीदाराचं आहे आणि चांगला बातमीदार ते तीनशे शब्दांत करतो.

वृत्तपत्राने मनावर घेतलं तर काय होतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलवली होती. रिकाम्या दालनात पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. त्या १९४६ पर्यंत चालल्या आणि त्यांची संख्या १,६९८ झाली. १९४२ च्या सुरुवातीला ‘द टाइम्स’मध्ये एका वाचकाचं पत्र छापून आलं. गॅलरीने नुकतंच घेतलेलं डच चित्रकार रेम्ब्रांचं चित्र लोकांना पाहू द्या, अशी त्याची मागणी होती. त्यातून दर महिन्याला एकेक चित्र लंडनला आणून मांडण्याची प्रथा पडली. बॉम्बहल्ल्यांचा धोका पत्करून हे झालं, आणि त्याची सुरुवात वाचकांच्या पत्रांच्या सदरातून झाली.

माझी मागणी त्यामानाने किरकोळ आहे. दालनाचं पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक रविवारी छापा. व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी वक्ता नेमकं काय बोलला आणि श्रोत्यांनी काय विचारलं, ते द्या. पाहुण्यांच्या यादीची जागा त्याला पुरेल. सादरीकरणाला पाठवलेल्या बातमीदाराला शेवटपर्यंत थांबू द्या, कारण बऱ्याचदा महत्त्वाचं तेव्हाच घडतं. आणि दालनाच्या व्यवस्थापनालाही विनंती आहे: प्रत्येक कार्यक्रमाचं टिपण तारखेसह तयार करून त्याची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी.

आपल्याकडे माणूस कमी असेल तर मी माझी टिपणं टाइप करून कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्यालयात आणून देईन. मानधन नको, नावही छापू नका. या महिन्याच्या वह्या मी उतरवायला घेतल्या आहेत. पहिली एचिंगच्या व्याख्यानाची आहे, ती सोमवारी पाठवते.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका